जुनंपानं : मुस्तफाला काचेत ठेवू की खेळू देऊ?

पत्र असं आहे, नाव-गाव काढून : जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचे वाचक, वय ४६. त्यांच्या मोठ्या भावाचं १९९४ पासून २००३ पर्यंत एसटी स्टँडजवळ व्हिडिओ गेमचं दुकान होतं. भाऊ तीन वर्षांपूर्वी गेले. दुकानातला माल घरामागच्या पत्र्याच्या खोलीत पडून आहे, त्यात 'मुस्तफा' गेमचं एक उभं मशीन, ११ टीव्ही गेम (टीव्हीला जोडून खेळायचे डबे), त्यांत घालायच्या गेमच्या साठेक कॅसेट, २ बंदुका, ३ जुने टीव्ही आणि सेलवर चालणारे ४ ब्रिक गेम. गावच्या वाचनालयाला शंभर वर्षं होतायत म्हणून वरच्या मजल्यावर गावाचं छोटंसं म्युझियम करायचं ठरलंय आणि त्यांना हे सगळं हवंय. पुतण्या (भावाचा मुलगा) म्हणतो मशीनं चालू करा, पोरांना खेळू द्या, नाहीतर ते म्युझियम नाही, गोडाऊन. समितीतले एक रिटायर्ड हेडमास्तर म्हणतात काचेत ठेवा, कोणाचा हात लागला की वस्तू संपली. वाचक विचारतात, 'चालवलं तर खराब होणार हे मला पटतं, पण नुसतं ठेवलं तर दादाचं दुकान काय होतं हे कोणाला कळणार? दोघांपैकी कोणाचं ऐकू, एका वाक्यात सांगा.'

भाऊ, एका वाक्यात नाही हो जमणार. तीस वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवलं, गिऱ्हाईक दारातच उभं राहून 'होईल की नाही एवढंच सांगा' म्हणायचं, तेव्हाही कधी जमलं नाही. पण तुमच्या पत्रातली एक ओळ मी चार वेळा वाचली, की कॅसेटींवर दादांच्या अक्षरातल्या चिकटपट्ट्या आहेत आणि एकीवर लिहिलंय '७ नंबर, अटकते, दोनदा फुंकायची'. ती पट्टी सुटायला आली असेल तर ओढू नका, तशीच राहू द्या, तिच्याकडे मी परत येतो.

आता तुमच्या भांडणाबद्दल. हेडमास्तर आणि पुतण्या एकमेकांच्या विरुद्ध बोलतायत खरे, पण एका गोष्टीवर दोघांचं आणि तुमचंही एकमत आहे, की न वापरलेली वस्तू टिकते. पुतण्याचं म्हणणं फक्त एवढंच की तशी टिकून उपयोग काय. मला शंका आहे ती ह्या एकमताचीच. तुमची मशीनं वीस-बावीस वर्षं कोणी वापरली नाहीत, मग ती टिकली का? पत्र्याच्या खोलीत, आपल्याकडचा मे महिना, बाहेरच पारा ४५ च्या पुढे जातो तिथे पत्र्याखाली काय होत असेल ते तुम्ही मला सांगा. आतले कंडेन्सर (त्या उभ्या छोट्या डब्या असतात ना, त्या) द्रव भरलेले असतात, तो द्रव वर्षानुवर्षं सुकत जातो नाहीतर बुडातून पाझरून बोर्डाचं (सगळे पार्ट ज्यावर बसवलेले असतात त्या सर्किटच्या पट्टीचं) तांबं खातो, आणि उष्णतेत हे सगळं भराभर होतं. रिमोटच्या (खेळताना हातात धरायचा तो) बटणांखालचं रबर चिकट होतं. उंदीर वायर कुरतडतात. ब्रिक गेममध्ये सेल तसेच राहिले असतील तर झाकण उघडून बघा, सेल गळून बुरशीसारखा पांढरा-हिरवा थर दिसेल. ह्यातली एकही गोष्ट खेळण्याने झालेली नाही.

ह्याचं सगळ्यात मोठं उदाहरण तुमच्याच खोलीत उभं आहे. मुस्तफा. गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', जपानच्या कॅपकॉम कंपनीचा, १९९३ चा, पण त्यातल्या एका हिरोचं नाव मुस्तफा म्हणून नंदुरबारपासून भुसावळपर्यंत (आणि खरं तर अख्ख्या देशात) ह्या गेमला दुसऱ्या नावाने कोणी ओळखतच नाही. तर कॅपकॉमने कॉपी होऊ नये म्हणून त्या बोर्डात एक युक्ती केली होती, गेम चालवायला लागणारी गुप्त किल्ली चिपमध्ये ठेवली आणि ती चिप एका छोट्या बॅटरीवर जिवंत ठेवली. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते, मग पॉवर कितीही द्या, गेम उठत नाही. बाहेरचे शौकीन लोक तिला सुसाईड बॅटरी म्हणतात. म्हणजे असला बोर्ड तुम्ही हेडमास्तरांच्या म्हणण्याप्रमाणे काचेत ठेवलात, धूळ नाही, हात नाही, काही नाही, तरी एक दिवस तो काचेच्या आतच गुपचूप मरेल आणि बाहेरून कोणाला पत्ताही लागणार नाही.

आणि आता गंमत ऐका. आपल्या भागात जी मुस्तफाची मशीनं आली ती बहुतेक डुप्लिकेट बोर्डांची होती, कॉपी करणाऱ्यांनी कुलूपच काढून टाकलेलं, त्यामुळे त्यात ही बॅटरीची भानगडच नाही. दादांच्या मशीनमध्ये डुप्लिकेट बोर्ड निघाला तर समितीत कोणीतरी नाक मुरडेल, 'ओरिजनल नाही' म्हणून. त्यांना सांगा, आपल्या गावाचा व्हिडिओ गेमचा इतिहास हा नकलेचाच इतिहास आहे. निन्टेंडोचा फॅमिकॉम जपानमध्ये १९८३ ला आला, आपल्याकडे जळगावच्या बाजारातून जे घरी आलं ते त्याच्या कॉप्या, कोणाकडे समुराई, कोणाकडे लिटल मास्टर, कोणाकडे नुसता बिननावाचा डबा आणि त्यात '९९९९९९ इन १' ची कॅसेट, ज्यात खरे गेम वीस-पंचवीस. पाटीवर स्वच्छ लिहा की ही नक्कल आहे. लाज वाटायचं कारण नाही, पण लपवायचंही कारण नाही.

बरं, एवढं सगळं हेडमास्तरांच्या विरोधात बोललो म्हणून पुतण्याने लगेच उड्या मारू नयेत. हेडमास्तरांचं निम्मं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. शाळेची सहल आली, चाळीस पोरं, प्रत्येकाने एकदा कॅसेट काढून घातली तर त्या खाचेतल्या पिना झिजणारच. पिक्चर ट्यूबला आयुष्य असतं, जितके तास चालेल तितकी ती मंद होत जाते आणि नवीन ट्यूब आता कोणी बनवत नाही. शिवाय चालवायला माणूस लागतो, रोज लागतो. अमेरिकेत सिएटलला मायक्रोसॉफ्टवाल्या पॉल ॲलनने जुने कॉम्प्युटर चालू ठेवणारं म्युझियम उभं केलं होतं, लोक जाऊन खऱ्या मशीनवर बसायचे, पैशाला तोटा नाही, कारागिरांना तोटा नाही. ॲलन २०१८ ला वारला, म्युझियम २०२० मध्ये बंद झालं ते उघडलंच नाही आणि २०२४ मध्ये त्यातल्या वस्तू लिलावात गेल्या. एका माणसाच्या हौसेवर चालणाऱ्या चालू मशीनचं असं होतं. तुमच्याकडे तो एक माणूस पुतण्या आहे, आणि तो उद्या नोकरीला पुण्याला गेला तर? हा प्रश्न त्याला विचारा, रागावून नाही, खरंच विचारा.

दुसऱ्या बाजूची उदाहरणं पण आहेत. इंग्लंडमध्ये ब्लेचली पार्कच्या आवारातल्या म्युझियममध्ये १९५१ चा एक कॉम्प्युटर आहे, 'विच' म्हणतात त्याला, १९७३ मध्ये बंद झालेला, २०१२ मध्ये परत चालू केला. कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमने पीडीपी-१ नावाचं मशीन दुरुस्त केलं आणि त्यावर १९६२ चा 'स्पेसवॉर' हा गेम लोकांना खेळून दाखवतात. पण त्यासाठी जाणती माणसं वर्षानुवर्षं त्याच्यामागे बसली, प्रत्येक बदललेल्या पार्टची नोंद ठेवून, आणि आजही ते ठरलेल्या दिवशीच चालू होतं, सकाळी शटर उघडलं की लाव बटण असं नाही.

हे ऐकून कोणाला फार परदेशी वाटत असेल तर आपला जळगावचा श्रीरामाचा रथ बघा ना. १८७२ पासून निघतोय, कार्तिकी एकादशीला. त्या एका दिवशी लोक ओढतात, मोगरी (चाक अडवायची लाकडी पाचर) लावणारे चाकाखाली जीव मुठीत धरून मोगऱ्या लावतात, आणि एरवी वर्षभर तो उभा असतो. रथ वापरायचा की जपायचा असा वाद मी तरी कधी ऐकला नाही. आणि धुळ्याला जा, राजवाडे संशोधन मंडळात, १९२७ ची संस्था. तिथले जुने कागद ज्याला वाचायचेत त्याला छापलेल्या खंडातून वाचता येतात, मूळ कागद रोज हाताळायची गरज पडत नाही. म्हणजे वापरायचं ते एक आणि जपायचं ते दुसरं असंही असू शकतं की नाही?

मला हेच म्हणायचंय भाऊ. तुम्ही सगळ्या ढिगाचा एकच निर्णय करायला बसलात म्हणून अडलाय. ११ टीव्ही गेम म्हणजे ११ वेगवेगळे निर्णय आहेत.

आधी एक रविवार काढा आणि प्रत्येक वस्तूचा सगळ्या बाजूंनी फोटो, मग वहीत नोंद, मग सुती दोऱ्याने कागदी चिठ्ठी बांधून नंबर. मार्करने अंगावर नंबर टाकू नका (दादांनी टाकलेत ते दादांचे, तुमचे नकोत). ज्यावर दादांचं अक्षर आहे, ज्यावर दुकानाचं नाव आहे, जे एकच आहे, ते सगळं बाजूला, त्याला पॉवर द्यायची नाही आणि हातात द्यायचं नाही, इथे हेडमास्तर जिंकले. ७ नंबरची कॅसेट ह्याच ढिगात. जे दोन-चार एकसारखे आहेत त्यातले धडधाकट तीन निवडा, ते खेळायचे, आळीपाळीने. जे अगदीच गेलेले असतील ते सुट्या पार्टसाठी, पण उघडण्याआधी त्यांचेही फोटो. मुस्तफाचं काय करायचं ते नुसतं बघून ठरवू नका, बोर्ड उघडून त्यावर गोल बॅटरी आहे का ते जाणत्याकडून पाहून घ्या.

पिवळे पडलेले डबे पेरॉक्साईड लावून पांढरे करायचे व्हिडिओ पुतण्याने नक्कीच बघितले असतील. नको भो. तीस वर्षांचा डबा तीस वर्षांचा दिसू दे.

चालू करायचं कसं हे जरा सविस्तर सांगतो, कारण इथेच लोक मशीन मारतात. मी स्वतः मारलंय. दुकानात एकाने आजोबांचा रेडिओ आणला होता, पंधरा वर्षं माळ्यावर पडलेला, म्हातारे बरोबर आलेले, मी हुशारी दाखवायला सरळ प्लग लावला, दहा सेकंद मस्त खरखर आली, म्हातारे हसले आणि मग आतून धूर. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मांडे भाजायचं मातीचं खापर काढतो तेव्हा आपल्या आया-बाया काय करतात? वर्षभर गुंडाळून ठेवलेलं खापर एकदम भडक जाळावर ठेवत नाहीत, हळूहळू तापवतात, नाहीतर मांडे राहिले बाजूला आणि खापराचे दोन तुकडे. कंडेन्सरचंही तसंच आहे, खूप वर्षं वीज मिळाली नाही की आतला पातळ थर कमजोर होतो आणि एकदम पूर्ण व्होल्टेज आलं तर तो जास्त करंट खेचतो. म्हणून आधी उघडून बघायचं, फुगलेले-गळलेले कंडेन्सर बदलायचे, सुटलेले-तडकलेले सोल्डरचे टाके परत मारून घ्यायचे, मग मुस्तफासारखं मोठं मशीन असेल तर सिरीज बल्ब (मशीनच्या वायरीत मध्येच जोडलेला जुना तारेचा बल्ब) लावून पॉवर द्यायची, बल्ब भक्क पेटून तसाच राहिला तर शॉर्ट आहे, तिथेच थांबायचं. काढलेले जुने कंडेन्सर फेकू नका, पुडीत घालून त्यावर मशीनचा नंबर आणि तारीख लिहा, उद्या कोणी विचारलं की मूळ काय होतं तर दाखवता आलं पाहिजे.

टीव्ही गेमचे जुने ॲडॉप्टर वापरूच नका. नवीन चांगला घ्या, पण पिन बघून. मूळ फॅमिकॉमच्या ॲडॉप्टरला मधलं टोक मायनस असतं, आजकाल बाजारात मिळणाऱ्या बहुतेकांना मधलं प्लस, आणि कॉप्यांमध्ये तर कोणाचा कोणाला मेळ नाही, त्यामुळे डब्यावरची खूण आणि मीटर दोन्ही बघितल्याशिवाय लावायचं नाही. उलटा लागला तर गेला. आणि आपल्याकडची लाईट कशी ये-जा करते ते मी सांगायला नको, स्टॅबिलायझर लागणारच.

कॅसेट फुंकणं बंद. मला माहितीये, आपण सगळ्यांनी फुंकलंय, दादांनी तर लिहूनच ठेवलंय, पण फुंकरीतला ओलावा त्या पिनांवर बसतो आणि त्या गंजतात, खरं तर कॅसेट काढून परत घातल्यामुळे चालायची, फुंकल्यामुळे नाही. मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे आयपीए लिक्विड (आयसोप्रोपिल अल्कोहोल) मिळतं, कापसाच्या काडीने पुसा, वाळू द्या, मग घाला. पण ती पट्टी मात्र पाटीसकट मांडा, खाली लिहा की गावातली पोरं असं करायची, तोही इतिहासच आहे.

बंदुकांबद्दल एक. बदकं मारायचा गेम (डक हंट, १९८४) पोरांना दाखवायचा असेल तर तुमचे ते तीन जुने टीव्ही जीवापाड जपा, कारण नवीन एलईडी टीव्हीवर ती बंदूक चालत नाही. ट्रिगर दाबला की गेम क्षणभर स्क्रीन काळी करतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढतो, बंदुकीतला डोळा तो उजेड त्याच क्षणी दिसला का एवढंच बघतो, नवीन टीव्ही चित्र दाखवायला जो किंचित उशीर करतो तेवढ्यात वेळ निघून जाते. लहानपणी मला वाटायचं बंदुकीतून काहीतरी निघतं म्हणून, असो. ह्याचा अर्थ असा की टीव्ही हे फर्निचर नाही, तो गेमचाच भाग आहे. पण जुना टीव्ही किंवा मुस्तफाचा मॉनिटर पुतण्याने स्वतः उघडायचा नाही, म्हणजे नाहीच, ट्यूबला वीस-पंचवीस हजार व्होल्ट लागतात आणि बंद केल्यावरही त्यातला काही साठा राहून जातो. गावातल्या एखाद्या जुन्या टीव्ही मेकॅनिकला बोलवा, बिचारे बहुतेक आता पंखे दुरुस्त करत बसलेत, आनंदाने येतील.

आणि रोजच्या गर्दीसाठी? त्यासाठी धुळ्याची युक्ती. सुताराकडून एक साधं नवीन कॅबिनेट, नवीन जॉयस्टिक, नवीन बटणं आणि आत छोटा कॉम्प्युटर ज्यावर जुन्या मशीनची नक्कल करणारं सॉफ्टवेअर चालतं. मेम (MAME) नावाचं असं सॉफ्टवेअर १९९७ पासून आहे. पोरं त्यावर वाटेल तेवढी धोपटू देत, मोडलं तर सुतार आहे. पाटीवर मात्र 'हे नवीन आहे, खरं मशीन शेजारी' असं लिहायचं. फक्त गेमच्या फायली नेटवरून उतरवून संस्थेच्या नावाने लावण्याआधी समितीत कोणी वकील असेल तर विचारा, त्यांचे हक्क अजून कंपन्यांकडे असतात. खरी तीन मशीनं महिन्यातून एक रविवार, दोन तास, माणूस शेजारी उभा, वहीत तासांची नोंद. मार्च ते जून सुट्टी. आणि काहीही करा, वाचनालयाचा वरचा मजला पत्र्याचा असेल तर सामान खाली आतल्या खोलीत ठेवा, पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या बदलत राहा.

आता ज्या गोष्टीबद्दल तुम्ही विचारलंच नाही ती. पत्रात हेडमास्तर आहेत, पुतण्या आहे, समिती आहे, तुम्ही आहात, वहिनी कुठे आहेत? दादांचं दुकान म्हणजे वहिनींचं पण दुकान होतं ना, दुपारी दादा जेवायला गेले की गल्ल्यावर कोण बसायचं? मला माहीत नाही, पण विचारा. माल कायद्याने आणि रीतीने आधी त्यांचा आणि पोरांचा आहे, तुमचा नंतर. त्यांना काचेत ठेवलेलं बघवेल का, की अनोळखी पोरांनी धोपटलेलं बघवणार नाही, की भंगारात घाला एकदाचं असं म्हणतील, काहीही म्हणू शकतात. आणि त्या हो म्हणाल्या तर कागद करा, देणगी आहे की ठरावीक वर्षांसाठी दिलंय, म्युझियम बंद पडलं तर सामान कोणाकडे जाणार, कोणता नंबर चालवायची परवानगी आणि कोणता नाही. सिएटलची गोष्ट त्यासाठीच सांगितली.

वहिनींशी बोलताना मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू ठेवा. रुपयाला किती टोकन, उधारी कोणाची, शाळा बुडवून येणाऱ्यांना दादा हाकलायचे की बसवायचे, कोणाचा बाप छडी घेऊन आला होता. मग दुकानात पडीक असायची ती पोरं शोधा, आज चाळिशीत असतील, एखादा ग्रामसेवक, एखाद्याचं केळीचं वेफर्सचं दुकान, त्यांच्या हातात रिमोट द्या आणि काही न सांगता बघा, कॉन्ट्रा (गोळीबाराचा गेम) लावला की बोटं आपोआप वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए करतील आणि ३० लाईफ घेतील. ते कुठल्याच बोर्डावर सापडणार नाही. त्याचा व्हिडिओ करा, जे मशीन पुढे कधीच चालणार नाही त्याच्या शेजारी तो लावा.

एवढ्यातलं काय करायचं ते सावकाश ठरवा, समितीला दोन महिने थांबायला काही होत नाही. फक्त एक काम आजच करा, ब्रिक गेममधले सेल काढून टाका. आणि मुस्तफाच्या बोर्डावर ती गोल बॅटरी दिसली तर तिला मात्र हात लावू नका, ती काढली की गेम गेला, जाणत्या माणसाकडून शेजारी दुसरा सेल जोडून मगच बदलायची असते.